इथे चालते, तिथे का चालत नाही?

पहाटेचे दूध संकलन सुरू झाले की केंद्रावरच्या संगणकाला उसंत नसते. किटली काट्यावर चढते, वजन पडद्यावर उमटते, नमुना तपासणीच्या यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचे) आकडे येतात, दरपत्रकातून भाव निघतो आणि सभासदाच्या हातात पावती पडते. गायीच्या दुधाचा भाव वर्षानुवर्षे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया धरून ठरत आला आहे. आकडा त्याखाली घसरला की पैसे कापले जातात. या नोंदींवरून दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो. संगमनेर, राहाता, राहुरी, पारनेर या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत किराणा, पेंड आणि मुलांची फी या पगारावर चालते. त्यामुळे केंद्राच्या टेबलावरचा तो छोटासा प्रोग्राम एक वेळचे संकलनही बंद राहून चालत नाही.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 17 हजार चौरस किलोमीटर, 14 तालुके. 2024 मध्ये नाव बदलले तरी बोलताना अजून 'नगर' म्हणणारे पुष्कळ आहेत. सहकाराची पाळेमुळे इथे खोल आहेत. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर गावोगाव विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था निघाल्या. प्रत्येक संस्थेचा हिशेब वेगळा, दरपत्रक वेगळे, कपातीचे नियम वेगळे. म्हणून इथला प्रोग्राम बहुतेकदा स्थानिक माणसाने, एखाद्या ओळखीच्या संस्थेसाठी लिहिलेला असतो. तो चांगला निघाला की शेजारच्या गावातून मागणी येते आणि पेन ड्राइव्हवर बसून तो पुढच्या गावी जातो.

तिथे डबल क्लिक केले की पडद्यावर चौकट येते: अमुक डीएलएल फाइल सापडत नाही. सचिव फोन करतात, "साहेब, इकडं उघडतच नाही." लिहिणारा म्हणतो, "माझ्याकडं तर चालतंय." दोघेही खरे बोलत असतात. हे प्रकरण त्या दोघांच्या मधल्या जागेविषयी आहे.

समजा, प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला आहे. पायथॉन, पर्ल, टिकल या स्क्रिप्ट भाषा. त्यांत लिहिलेला मजकूर संगणकाला थेट कळत नाही. तो वाचून राबवणारा एक दुभाष्या लागतो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर तो आधीच बसवलेला असतो. काट्याशी बोलायला पायसीरियलसारखी लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या ओळींचा संच, असते, पावतीसाठी आणखी एखादी. इंटरप्रिटर स्वतः सी भाषेत लिहिलेला, म्हणून त्याला मायक्रोसॉफ्टची सी रनटाइम लागते. ती रनटाइम विंडोजच्या गाभ्यातल्या फाइलींवर उभी असते. शेजारी काट्याचा ड्रायव्हर, देवनागरी फॉन्ट, तारखेची पद्धत ठरवणारी विंडोजची सेटिंग. लिहिणाऱ्याने मोजून 900 ओळी लिहिल्या असतील, पण चालताना त्यांच्याखाली लाखो ओळींचा आधार असतो. तो आधार त्याने कधी पाहिलेला नसतो, कारण त्याच्या यंत्रावर तो कधी कमी पडलेलाच नसतो.

त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी नगर जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. दिंडीबरोबरच्या ट्रकमध्ये तंबू, शेगड्या, धान्य, भांडी असा सगळा शिधा असतो. पाणी आणि मुक्कामाची जागा मात्र वाटेतल्या गावाने द्यायची असते. प्रोग्राम बांधणे, म्हणजे ज्याला पॅकेजिंग म्हणतात, त्याचा सगळा विचार याच दोन याद्यांचा आहे: बरोबर काय न्यायचे आणि समोरच्या यंत्रावर काय असेल असे धरून चालायचे. गोंधळ होतो तो दुसरी यादी न लिहिल्यामुळे.

पहिल्या यादीचे काम करणारी साधने तयार आहेत. विंडोजसाठी थॉमस हेलर यांचे पायटूएक्सई, मॅकसाठी पायटूअॅप, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालणारी सीएक्स-फ्रीझ व पायइन्स्टॉलर. पायइन्स्टॉलर आपली स्क्रिप्ट वाचतो, तिच्यात कोणकोणत्या लायब्ऱ्या मागवल्या आहेत ते हुडकतो, त्यांच्या लायब्ऱ्यांपर्यंत माग काढतो आणि इंटरप्रिटरसकट सगळे एका फोल्डरमध्ये गोळा करतो. समोरच्या माणसाला पायथॉन म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरज उरत नाही. माग काढताना तो कधी चुकतो. चालू असताना नाव जुळवून मागवलेली लायब्ररी किंवा शेजारी ठेवलेली दरपत्रकाची फाइल त्याला दिसत नाही. ती हाताने सांगावी लागते. पण हे दोष लगेच उघड होतात आणि लगेच दुरुस्त होतात.

खरी अडचण दुसऱ्या यादीत असते. पायइन्स्टॉलर इंटरप्रिटर बरोबर देतो, विंडोज देऊ शकत नाही. पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीची विंडोजकडून स्वतःची अशी किमान अपेक्षा असते. विंडोज एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती 3.4. विंडोज 7 वर चालणारी शेवटची 3.8. 3.13 ला विंडोज 10 किंवा त्यापुढचेच हवे. लिहिणाऱ्याने नव्या लॅपटॉपवर नव्यात नवा पायथॉन बसवला, सहा महिने मन लावून काम केले आणि शेवटी विंडोज 7 वाल्या केंद्रावर नेले, तर तिथे एक ओळही चालणार नाही. त्याच्या ओळींत दोष नसतो. त्याने निवडलेल्या इंटरप्रिटरला विंडोज 7 मध्ये नसलेली एक फाइल हवी असते, एवढेच.

3.8 वापरले तरी एक खाच उरते. पायथॉन 3.5 पासून मायक्रोसॉफ्टच्या 'युनिव्हर्सल सी रनटाइम'वर उभा आहे. विंडोज 10 मध्ये ती मुळातच आहे. विंडोज 7 मध्ये ती सर्व्हिस पॅक 1 आणि नंतरच्या एका अपडेटमधून येते. ज्या यंत्राला कधी इंटरनेट जोडलेलेच नाही, तिथे ती नसते. फोनवर ऐकू येणाऱ्या 'अमुक डीएलएल नाही' या तक्रारींतला मोठा वाटा या एका गोष्टीचा आहे. इलाज सोपा: ते अपडेट प्रोग्रामबरोबर पेन ड्राइव्हवर द्यायचे आणि आधी ते बसवायचे.

यातून एक नियम निघतो आणि मला तो या सगळ्या विद्येतला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या जुन्यात जुन्या यंत्रावर प्रोग्राम चालवायचा आहे, त्या यंत्रावरच तो बांधायचा. जुन्या प्रणालीवर बांधलेला प्रोग्राम नव्या प्रणालीवर बहुधा चालतो, कारण विंडोज जुन्या गोष्टी सहसा काढून टाकत नाही. नव्यावर बांधलेला जुन्यावर चालण्याची हमी कोणी देत नाही. लिनक्सवर हा नियम आणखी कडक आहे. तिथे ग्लिबसी नावाची मूळ लायब्ररी आवृत्तीवार खुणा ठेवते आणि नव्यावर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर सुरू होण्याआधीच नकार देतो. म्हणून जगभरचे पायथॉन लायब्ररी बनवणारे वर्षानुवर्षे सेंटओएस 7 सारख्या जुन्या प्रणालीवर मुद्दाम आपली पॅकेजे बांधत आले. आणि पायइन्स्टॉलर एका प्रणालीवर बसून दुसरीसाठी बांधत नाही. विंडोजचा प्रोग्राम विंडोजवरच बांधावा लागतो.

बिटांचा हिशेबही याच जातीचा. 32 बिट प्रोग्राम 64 बिट विंडोजवर चालतो, उलटे होत नाही. विंडोज 7 आणि 10 च्या 32 बिट आवृत्त्या दोन जीबी मेमरीच्या यंत्रांवर सर्रास बसवल्या गेल्या. तशी यंत्रे तालुक्यात असतील तर 32 बिट पायथॉनने बांधावे. दुधाच्या हिशेबाला 64 बिटांनी काही वाढून मिळत नाही.

पायथॉनच्या आधीची पिढी व्हिज्युअल बेसिक 6 ची, 1998 ची. तिचे प्रोग्राम आजही गावोगाव चालू आहेत, आणि ते चालतात याचे श्रेय मायक्रोसॉफ्टला द्यायला हवे. तिची मूळ रनटाइम आजच्या विंडोजमध्येही येते. मात्र काट्याच्या सीरियल तारेतून आकडा वाचणारा 'एमएसकॉम' हा भाग त्या रनटाइममध्ये नाही. तो वेगळा न्यावा लागतो आणि विंडोजकडे त्याची नोंदणी करावी लागते. इन्स्टॉलर न करता नुसती एक्सई फाइल कॉपी करून नेली की प्रोग्राम उघडतो, सभासदांची यादी दिसते, आणि किटली काट्यावर चढल्यावर तो बंद पडतो. त्याही आधीचे डॉसवरचे 16 बिट प्रोग्राम 64 बिट विंडोजवर चालतच नाहीत. त्यांच्यासाठी डॉसबॉक्ससारखे नकली डॉस उभे करावे लागते.

इथपर्यंतचे दोष निदान आवाज करतात. प्रोग्राम उघडत नाही, चौकट येते, माणूस फोन करतो. मला जास्त काळजी वाटते ती गुपचूप होणाऱ्या चुकांची.

तारीख हे त्याचे पहिले उदाहरण. विंडोज बसवताना प्रदेश म्हणून अमेरिका राहून गेली तर तारखेचा क्रम महिना-दिवस-वर्ष असा होतो. व्हिज्युअल बेसिक मजकुरातून तारीख करताना ही सेटिंग पाळते. 05/04/2020 हे तिला 4 मे वाटते. पण 13/04/2020 दिल्यावर तेरावा महिना नसल्याने ती मुकाट्याने क्रम उलटते आणि 13 एप्रिल असे बरोबर घेते. आता दुधाचा पगार आठवा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांच्या नोंदी वेगवेगळ्या महिन्यांत विखुरतात, दुसऱ्या दशकातल्या दोन चुकतात, तिसरे दशक अगदी बिनचूक निघते. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या यंत्रावर प्रदेश भारत असतो, म्हणून त्याला हे कधी दिसत नाही. सभासद मात्र पावत्या घेऊन सचिवांच्या टेबलासमोर उभा राहतो आणि संशय सचिवांवर जातो. गावात वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास असा एका सेटिंगपायी उणावतो. तारीख साठवताना नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवावी आणि ती वाचताना क्रम स्वतः सांगावा. यंत्राला अंदाज करू देऊ नये.

दुसरे उदाहरण फोल्डरचे. एक्सपीच्या काळी प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरमध्ये सभासदांच्या नोंदी लिहीत असे. 2007 मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहायची मनाई झाली. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक आडवाट ठेवली: प्रोग्रामला वाटते आपण तिथेच लिहिले, प्रत्यक्षात फाइल त्या वापरकर्त्याच्या खासगी 'व्हर्च्युअल स्टोअर'मध्ये जाते. म्हणजे सकाळी सचिव आपल्या नावाने लॉगिन करून नोंदी करतात, संध्याकाळी मदतनीस त्याच्या नावाने बसतो, आणि त्याला सकाळच्या नोंदी दिसत नाहीत. डेटा हरवलेला नसतो, दोन जागी असतो. म्हणून नोंदींची फाइल सर्वांसाठी असलेल्या 'प्रोग्राम डेटा'खाली, उघड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी, तिथे प्रत्येक वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी इन्स्टॉलरनेच द्यावी आणि ती जागा प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर लिहून दाखवावी. फाइलसाठी एसक्यूलाइट हे डेटाबेसचे साधन चांगले. ते पायथॉनबरोबरच येते, 2004 पासून त्याची रचना मागच्या आवृत्त्यांशी जुळती राहिली आहे, आणि मध्येच वीज गेली तरी नोंद एक तर पूर्ण लिहिली जाते किंवा मुळीच नाही. भारनियमनाच्या भागात हा गुण फार मोठा आहे.

मराठी अक्षरांचा प्रश्न इथे टाळता येत नाही. युनिकोडपूर्वी संस्थांचे काम श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या फॉन्टांत चाले. त्यात साठवलेली अक्षरे रोमन असत, दिसत मराठी. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सभासदाचे नाव अगम्य चिन्हांत उमटे. युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला, तरी वाट सरळ नव्हती. एक्सपीमध्ये देवनागरी नीट जुळण्यासाठी प्रादेशिक सेटिंगमध्ये एक पर्याय निवडून विंडोजची सीडी घालावी लागे. मंगल हा फॉन्ट विंडोज 2000 पासून बरोबर येत होता, म्हणून अनेकांनी प्रोग्राममध्ये 'मंगल' असे नाव पक्के लिहून टाकले. विंडोज 8 पासून निर्मला आला आणि विंडोज 10 मध्ये मंगल ऐच्छिक फॉन्टांच्या गठ्ठ्यात गेला. दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि पावतीवरचे रकाने सरकतात. मंगल बरोबर वाटण्याचा हक्क आपल्याला नाही. पण 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त', रेड हॅटचा 'लोहित', आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. त्यांतला एक प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि पावती त्यातच छापावी. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन्ही शब्द छापून पाहिले की फॉन्ट आणि जुळणी ठीक आहे का ते लगेच कळते.

काही गोष्टी कोणत्याही गठ्ठ्यात बसत नाहीत. ड्रायव्हर ही त्यांतली मुख्य. जुन्या काट्याची तार सीरियल पोर्टाची, नव्या यंत्राला तो पोर्टच नाही, मग मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लागतो. त्यातल्या प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपला विंडोज 8 पासूनचे ड्रायव्हर नाकारतात, आणि त्या चिपच्या नकलांनाही. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवून तो चालत नाही. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला तर पोर्टचा क्रमांकही बदलू शकतो. त्यामुळे क्रमांक प्रोग्राममध्ये पक्का न लिहिता सचिवांना यादीतून निवडता यावा.

अँटीव्हायरसचेही तसेच. पायइन्स्टॉलर सगळा गठ्ठा एकाच एक्सई फाइलमध्येही भरून देतो. सुटसुटीत दिसते, पण ती फाइल दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये सगळे उलगडते आणि मग सुरू होते. जुन्या हार्ड डिस्कवर हा उशीर जाणवतो. शिवाय विषाणू लिहिणारेही हेच साधन वापरतात, त्यामुळे काही अँटीव्हायरस निर्दोष प्रोग्रामलाही त्यात धरतात. केंद्रासाठी फोल्डर पद्धत बरी. प्रोग्रामवर डिजिटल सही असेल तर अनोळखी प्रोग्राम अडवणारा विंडोजचा निळा इशारा कमी त्रास देतो. परंतु सहीचे प्रमाणपत्र दरवर्षी पैसे मागते, आणि जून 2023 पासून त्याची किल्ली टोकनसारख्या हार्डवेअर उपकरणातच ठेवावी लागते. दोन-चार संस्थांना प्रोग्राम देणाऱ्या माणसाला हा खर्च परवडत नाही. त्याने निदान स्वतः जाऊन प्रोग्राम बसवून द्यावा आणि तो इशारा कशाचा आहे हे सचिवांना समोर बसून समजावावे.

सगळीकडे एकसारखी यंत्रे असती तर? असा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे एक्सओ संगणक आले. त्यांवरचे शुगर नावाचे सगळे वातावरण पायथॉनमध्ये लिहिलेले होते. प्रत्येक खेळ वा धडा म्हणजे एक छोटी झिप फाइल; तिच्यात स्क्रिप्ट, चित्र आणि माहितीची एक फाइल. इंटरप्रिटर बरोबर न्यायची गरजच नव्हती, कारण प्रत्येक यंत्रावर तोच असे. गठ्ठे अतिशय लहान राहिले. पण पायाच बदलला तेव्हा सूट संपली. पायथॉन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 ला थांबला आणि शुगरसाठी लिहिलेले खेळ एकेक करून पायथॉन 3 वर आणावे लागले. ज्यांना कोणी वाली नव्हता ते मागे पडले. समोरच्या यंत्रावर जितके अधिक विसंबावे तितके ओझे हलके आणि भवितव्य परक्याच्या हाती. हा व्यवहार कोणत्याही पद्धतीत सुटत नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 फक्त 64 बिट आहे आणि जुन्या प्रोसेसरला घेत नाही. म्हणजे केंद्रांवर पुढची कित्येक वर्षे विंडोज 7, 10 आणि 11 एकाच तालुक्यात शेजारी शेजारी नांदणार. ते मागासलेपण मानण्याचे कारण नाही. चालते यंत्र टाकून देणे दूध संस्थेला परवडत नाही, आणि तिने ते टाकावे अशी अपेक्षा लिहिणाऱ्याने ठेवू नये. जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त काटा आणि पावतीला ठेवावे, नोंदी पेन ड्राइव्हवर रोज उतरवाव्यात.

लिहिणाऱ्याने स्वतःकडे एक आभासी यंत्र राखावे: त्यात 32 बिट विंडोज 7, सर्व्हिस पॅक 1, पायथॉन 3.8 आणि नेमक्या आवृत्तीच्या लायब्ऱ्या, सगळे गोठवलेले. प्रत्येक आवृत्ती तिथेच बांधावी. मग पायथॉन कधीच न बसवलेल्या दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर, प्रदेश अमेरिका ठेवून, वापरकर्त्याचे नाव देवनागरीत देऊन ती चालवून पाहावी. नवी आवृत्ती केंद्रावर बसवायची ती पगार निघाल्यावर, सकाळचे संकलन उरकून. जुन्या आवृत्तीचे फोल्डर आणि त्या दिवसापर्यंतच्या नोंदींची प्रत शेजारी तशीच ठेवावी, म्हणजे संध्याकाळी काही अडले तर सचिवांना कोणाची वाट न पाहता परत जुन्यावर जाता येईल.